फक्कीची रेघ आणि इंदुबाई

इंदुबाई तामोरेएवढी संशयी बाई मी जन्मात पाहिली नाही. आणि मी शाळामास्तर. म्हणजे हेडमास्तरांपासून पालकांपर्यंत संशयी माणसांतच माझी उभी नोकरी गेली, तरी सांगतो. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणल्या तर ही बाई आधी एक गोळी वाटीभर पाण्यात टाकून बघत बसायची. खानेसुमारीवाला दारात आला तेव्हा घरात माणसं किती, हे तिनं त्याला सांगितलंच नाही. "मोजून कुटं न्यायाची हायत?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसली आणि एखाद्या कारखान्यातल्या बिहारी गिऱ्हाइकानं घासाघीस न करता माल उचलला, तर हिच्या कपाळाला आठी. "भाव नाय केला, म्हंजे नक्की काय तरी लबाडी हाय," असं म्हणत टोपली परत ओढून घ्यायची. आता बोला!

माझं आणि तिचं पहिल्याच दिवशी वाजलं.

मी खंडेराव बुधावले, मूळचा साताऱ्याकडचा. सत्याऐंशी साली नवापूरच्या बाजूला किनाऱ्यावरच्या एका गावात, माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून लागलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्यानं कुणाचं भलं व्हायचं नाही. आणि शारीरिक शिक्षण हा शब्द फक्त नेमणुकीच्या ऑर्डरवर असतो बरं का. शाळेत आम्ही पी.टी.चे मास्तर. पोरांनी दंगा केला, बोलवा पी.टी.च्या मास्तरला. गॅदरिंगचा मंडप कलला, बोलवा पी.टी.च्या मास्तरला. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास मला, आणि परीक्षा जवळ आली की माझे सगळे तास गणिताच्या बाईंना. चीड यायची. पण नोकरी कायम व्हायची होती, त्यामुळे चीड गिळून शिट्टी फुंकायची.

शाळेला मैदान होतं म्हणजे काय, तर शाळेच्या मागून समुद्राकडे उतरत गेलेली मोकळी जागा होती. गुरचरण. मालकी सरकारची आणि वापर सगळ्या गावाचा. अलीकडच्या अर्ध्यात आमची पोरं खेळायची. पलीकडच्या अर्ध्यात दिवाळीपासून पावसाळा येईतो बायांच्या वलांड्या. बांबू रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि ओले बोंबील जोडीजोडीनं, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, त्यावर वाळत टाकायचे. ज्या बाईची जागा ज्या ठिकाणी, तिच्या सासूचीही तिथंच होती आणि सासूच्या सासूचीही. कागद नाही, कुंपण नाही. सहा-सात महिने वाळवलेल्या मासळीवर त्यांचं वर्ष निघायचं. बाप्ये दर्यावर, बाया वलांडीवर. ती जागा गेली तर घरात आलेली मासळी सडवण्यापलीकडे दुसरा मार्ग नव्हता.

या पलीकडच्या अर्ध्याची बिनपगारी मुकादम म्हणजे इंदुबाई. पन्नाशीची, काटक, कासोटा मारलेली, आवाज असा की लाटेवरून होडीत ऐकू जावा. तिचा नवरा दादू फार गरीब माणूस. दर्यावरून आला की ओट्यावर बसून जाळं शिवायचा आणि हं म्हणायचा. घरातलं बाकी सगळं बोलणं तिच्याच वाट्याला आलं होतं, आणि तिनं ते वाया घालवलं नाही.

तर मी रुजू झालो आणि दुसऱ्याच सकाळी टेप, दोरी, लाकडी खुंट्या आणि फक्कीची बादली घेऊन मैदानावर उतरलो. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी, धावपट्टीच्या रेघा मारायला. चांगली लांबलचक सरळ रेघ मारत चाललो होतो. मागं वळून पाहतो तर ही बाई रेघेवर उभी आणि डाव्या पायानं ती पुसतेय! एखाद्यानं सारवलेल्या अंगणात शेण पडलं तर सरकवावं तशी.

"अहो बाई! काय करताय?"

"कोनासाठी मोजतोस?"

"पोरांसाठी. पळायला."

"पोरं बिनरेघेची पन पळतात."

बी.पी.एड.ला हे शिकवलं नव्हतं. मी आवाज चढवला, तिनं माझ्यापेक्षा चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खुंट्या गायब. एकूण एक. त्यातली एक दुपारी दिसली, तिच्या दारातली बकरी तिला बांधलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक तिच्या दारात जाणार होतो, पण शाळेचा शिपाई चिंतू यानं माझा दंड धरला. म्हणाला, "सर, जाऊ नका. तिचं म्हायेर गेलंय."

"गेलंय म्हणजे? कोण गेलं?"

"म्हायेर गेलं. आख्खं गाव."

मग त्यानं सांगितलं. तिचं माहेर तारापूरकडे. एका मोठ्या प्रकल्पात ते गाव उठलं. ती तेव्हा नुकती लग्न होऊन इकडे आली होती. आधी टेपवाले आले. तिच्या बापानं विचारलं तर म्हणाले, काका, नुसतं मोजतोय, घाबरू नका. मग फक्की आली. मग खुंट्या. मग जीप. जीपनंतर गाव नाही. ती दिवाळसणाला माहेरी गेली तेव्हा वस्ती तीन कोस आत सरकलेली, दर्याचा आवाजही येत नव्हता, आणि बाप पत्र्याच्या खोलीच्या दारात रिकामा बसलेला. दर्यावरचा माणूस, त्याला नांगर धरता येतो होय? त्या पत्र्याखालीच गेला.

म्हणजे टेप, फक्की आणि खुंट्या मी एकाच सकाळी घेऊन गेलो होतो. जीप तेवढी राहिली होती. मला वाईट वाटलं, हे कबूल. पण म्हणून बकरीला माझी खुंटी बांधायची? नव्या खुंट्या केल्या, त्याही गेल्या. मी लोखंडी आणल्या तर ती वस्तीत सांगत सुटली, "बगा, आता लोखंडी आल्या. लाकडाच्या तपासाच्या व्हत्या, ह्या खऱ्या हायत." मी रेघ मारली की ती नेमकी त्या रेघेवर जवळा, म्हणजे ती बारकी कोळंबी, वाळत घालायची. खो-खोच्या पोरी जवळ्यावरून घसरून पडायच्या. मी शिट्टी मारली की विचारायची, "शिट्टी कोनाला मारतोस? मी काय तुजी विद्यार्थिनी हाय?" शाळेत कुणी पाहुणा आला, पुस्तकांचा एजंट का असेना, ही आपली वलांडीआडून त्याच्या पिशवीत टेप दिसतो का ते बघत उभी.

खरं सांगतो, हळूहळू मलाही संशय चिकटला. गोळाफेकीचा गोळा सापडेना, की माझी नजर तिच्या घराकडे. गोळा निघायचा हेडमास्तरांच्या खोलीत, दाराला अडसर म्हणून लावलेला.

पण या सगळ्यात बाईचं एक होतं. पोरांवर राग काढायची नाही. शर्यतीत पोरगं पडून गुडघा फुटला की हीच धावत यायची, आणि मलम लावता लावता त्यालाच विचारायची, "मास्तर तुला काय विचारतो काय रे? घरात कोन कोन हाय, जागा कोनाची, आसलं काय?"

असं एक वर्ष गेलं. पुढच्या हिवाळ्यात संस्थेच्या सेक्रेटरीनं मला घरी बोलावलं. या माणसानं तोवर मला कधी उभ्याला बस म्हटलं नव्हतं. त्या दिवशी खुर्ची दिली, चहा दिला, वर बिस्किट दिलं. बशीत बिस्किट बघितल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. पी.टी.च्या मास्तरला बिस्किट? कुठं तरी पाणी मुरतंय.

"बुधावले," सेक्रेटरी म्हणाले, "तालुका स्पर्धा यंदा आपल्या शाळेत घ्यायच्या. पालघरहून साहेब लोक येतील. पूर्ण धावपट्टी आखा. समुद्रापर्यंत. मैदान कसं, एका नजरेत भरलं पाहिजे."

"पण पलीकडे वलांड्या आहेत."

"दोन दिवस काढायला सांगा. तुमचं ऐकतील."

माझं! मला हसू आवरेना. पण तालुका स्पर्धा आपल्या मैदानावर म्हटल्यावर कुठल्या पी.टी.च्या मास्तरच्या अंगावर मूठभर मांस चढणार नाही? पाल चुकचुकत राहिली आणि मी इंदुबाईच्या दारात गेलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. दादूनं हं म्हटलं. मग ती उठली आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"दर्यात. पान्यात उभा ऱ्हाऊन बोल. जागा परत देनार म्हणून."

त्यांच्यात अशी रीत होती. दर्यात उभं राहून घेतलेली आण मोडली की दर्या त्या माणसाला कधी तरी बोलावून घेतो. कोर्टापेक्षा त्यांना ते पक्कं. आता मी साताऱ्याचा. नदीत पोहलेला माणूस मी, समुद्राला मात्र लांबून नमस्कार. पण मागं हटतो कसा? सगळ्या वस्तीतल्या बाया किनाऱ्यावर जमल्या. इंदुबाईची सून नलू तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसत होती. मी पांढरे कॅनव्हासचे बूट पायात तसेच ठेवून पाण्यात शिरलो आणि घोट्याभर पाण्यात उभा राहून सुरू केलं, "मी, खंडेराव बुधावले..."

"आजून फुडं!" इंदुबाई ओरडली. "घोट्याएवढ्या पान्यातलं खोटं दर्याला चालतं."

गुडघ्यापर्यंत गेलो. "आजून!" कंबरेपर्यंत गेलो. लाट छातीवर येत होती, तोंडात खारं पाणी, पायाखालची वाळू सरकतेय आणि मी कवायतीच्या आवाजात ओरडतोय, "खेळ संपले की ही जागा पुन्हा तुमची! माझ्या हातून तुमच्या जागेला धक्का लागणार नाही!" किनाऱ्यावर बाया खो-खो हसत होत्या. इंदुबाई हसली नाही. मी बाहेर आलो तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "बोललास खरा. बगू."

वलांड्या उतरल्या. दोन दिवस स्पर्धा झाल्या आणि काय झाल्या म्हणून सांगू! समुद्राकडून वारा, पांढऱ्याशुभ्र रेघा, डहाणू रस्त्याकडची आणि वैतरणेकडचीही पोरं बघायला आलेली. इंदुबाई हाताची घडी घालून पहिल्या दिवशी एका उलट्या टोपलीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी रिलेला आमच्या गावच्या पोरी पुढे निघाल्या तशी ती टोपलीवर उभी राहून असं ओरडायला लागली की बँडवाले थांबले. पोरी दुसऱ्या आल्या. ती तडक वेळ घेणाऱ्या सरांकडे गेली आणि विचारलं, "ते घड्याळ तुजं सोताचं हाय ना? मंग!" त्या बिचाऱ्याला काही कळेना.

बक्षीस समारंभात सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. "हे आपल्या शाळेचं मैदान," असं म्हणत त्यांनी हात फिरवला, अगदी माझ्या फक्कीच्या कडेनं, पार समुद्रापर्यंत. साहेब लोकांनी माना डोलावल्या. मला ते काही बरं वाटलं नाही. इंदुबाई लांब होती, तिला ऐकू गेलं नसावं.

तिसऱ्या दिवशी मी नववीचा वर्ग घेऊन गेलो आणि वलांड्या उभ्या करून दिल्या. पी.टी.चा तासच लावला. सावधान, विश्राम, बांबू उचल! पोरांना असली मजा कवायतीत कधी आली नव्हती. इंदुबाईनं प्रत्येक गाठ ओढून बघितली आणि मग एकेक सोडून पुन्हा स्वतः बांधली. पण त्या दिवसापासून माझ्या खुंट्या नाहीशा व्हायच्या थांबल्या. दोन जुन्या खुंट्या तर एका सकाळी आपोआप बादलीत येऊन पडल्या. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

होळी झाली आणि एका शनिवारी हेडमास्तरांनी मला दार लावून आत घेतलं. म्हणाले, सेक्रेटरींनी मैदानासाठी जागेची मागणी केली आहे. पलीकडचा अर्धा धरून सगळी. तालुका स्पर्धा घेतल्याचे फोटो जोडलेत. सोमवारी सकाळी पालघरच्या तहसील कचेरीतून सर्कल साहेब जागा बघायला येणार. तिथं कुणाची वहिवाट असेल तर त्यानं तिथंच सांगायचं. कुणी सांगितलं नाही तर जागा शाळेची, आणि पावसाळ्याआधी भिंत.

बिस्किटाचा अर्थ मला त्या क्षणी लागला. माझ्याच रेघा, माझाच तमाशा. आणि तरी सांगतो, भिंत म्हटल्यावर आत कुठं तरी गुदगुल्या झाल्याच. भिंतीचं मैदान! गुरं नाहीत, जवळा नाही, लांब उडीच्या खड्ड्यात कोंबड्या नाहीत. पण कंबरभर पाण्यात उभा राहून बोललो होतो ना मी. नाक दाबलं तरी तो खारटपणा घशात येत होता.

"गावात याचा ढोल वाजवायचा नाही, असा निरोप आहे," हेडमास्तर म्हणाले. "आणि बुधावले, तुम्ही अजून कायम व्हायचे आहात."

"आहे लक्षात," म्हटलं, आणि शाळा सुटल्या सुटल्या सरळ इंदुबाईचं घर गाठलं. गेली नोकरी तर गेली. एवढा राग आला होता मला.

ती ओट्यावर बोंबील निवडत होती. मी काही लपवलं नाही. सेक्रेटरीचा अर्ज सांगितला, भिंत सांगितली. म्हटलं, "इंदुबाई, सोमवारी वलांड्या भरलेल्या राहू द्या. एकही बोंबील काढू नका. सगळ्या बाया सकाळपासून तिथं उभ्या राहा. साहेब विचारतील तेव्हा सांगा, सासूच्या सासूपासून आमची वहिवाट आहे. तोंडावर सांगा. कुणी बोललं नाही तर जागा गेली."

तिचे हात थांबले.

"जीप येनार?"

"येणार."

"कागद आननार?"

"आणतील ना. कागदाशिवाय साहेब कसला?"

"आनि आमी सगळ्यांनी त्येंच्यासमोर उभं ऱ्हायाचं?"

"हो. सगळ्यांनी."

तिनं माझ्याकडे बघितलं. नेहमीचं बघणं नव्हतं ते. मग हात पदराला पुसले आणि आत हाक मारली, "नलू, मास्तरला च्या टाक." गेल्या दीड वर्षात त्या घराचं पाणीसुद्धा मला मिळालं नव्हतं. जाताना म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. लई बरं केलंस."

मी हलक्या अंगानं खोलीवर गेलो. रविवारी मुद्दाम मैदानाकडे फिरकलो नाही, उगाच सेक्रेटरीच्या डोळ्यांवर यायला नको. म्हटलं, सोमवारी त्या सेक्रेटरीचं तोंड बघण्यासारखं होणार. इंदुबाई एकदा सुरू झाली की सर्कल साहेब पालघरपर्यंत मागं वळून बघणार नाही.

सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी मैदानावर गेलो.

मैदान मोकळं होतं. पार समुद्रापर्यंत. वलांड्या नाहीत, दोऱ्या नाहीत, एक बोंबील नाही. बांबूसुद्धा उपटून नेलेले, नुसती भोकं राहिली होती. मी वस्तीकडे पळालो. घराघरांना कड्या. पुरुष दर्यावर गेलेले, बायांचा पत्ता नाही. एका ओट्यावर एक बहिरी म्हातारी बसली होती, तिच्या कानात ओरडलो तर तिनं मला प्रसाद समजून हात पुढे केला. परत मैदानावर आलो तोवर शाळेच्या फाटकातून जीप आत आली होती.

सर्कल साहेब उतरले, तलाठी उतरले, मागून सेक्रेटरी आणि हेडमास्तर. साहेब माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं स्वतः होऊन विचारलं, "इथं कुणाची वहिवाट? कुणी वापरतं का ही जागा?"

"वापरतात साहेब," मी पुढे होऊन म्हटलं. सेक्रेटरीनं माझ्याकडे असं बघितलं की हेडमास्तरांनी मान फिरवली. "कोळणींच्या वलांड्या असतात इथं. मासळी सुकवतात. पिढ्यान् पिढ्या."

"कुठं आहेत?"

"परवापर्यंत होत्या."

"ही भोकं दिसतात ना साहेब," तलाठ्यानं वाकून बघितलं.

"ती मंडपाची," सेक्रेटरी म्हणाले. "तालुका स्पर्धेच्या वेळची. फोटोत आहे मंडप."

"खोटं आहे!" मी ओरडलो. पोरं रांगेत उभी होती, सगळी माझ्याकडे बघायला लागली.

सर्कल साहेबानं चष्मा काढला. "गुरुजी, तुम्ही या गावचे?"

"नाही. शाळेत शिक्षक आहे."

"मग गावचं कुणी आहे का इथं सांगायला?"

"साहेब, दुपारपर्यंत थांबा. कुठं तरी गेल्यात, येतील."

"अहो, मी आलो तेव्हा कुणी नव्हतं आणि काही नव्हतं, हेच मी लिहिणार. दुसरं काय लिहू? खोटं लिहू?"

त्यांनी मोजलं. होळीआधी सरावासाठी अलीकडच्या अर्ध्यात मी पुन्हा मारलेली फक्की अजून दिसत होती, तलाठ्यानं टेप तिच्यावरूनच धरला आणि तसाच सरळ समुद्रापर्यंत नेला. सोपं पडलं त्यांना. कोपऱ्यात लोखंडी खुंट्या ठोकल्या. जीप गेली. सेक्रेटरी जाता जाता म्हणाले, "बुधावले, भिंतीचं मैदान मिळालं, पेढे द्या." इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही, आणि तो सेक्रेटरीपेक्षा त्या बायांवर जास्त होता.

ऊन उतरता उतरता वस्तीत टेम्पो शिरला. आत दाटीवाटीनं बाया, मधोमध बांबूंचा भारा, सुक्या मासळीच्या पाट्या. गाणी चालली होती. इंदुबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेली. मला बघितल्याबरोबर तिनं चालत्या टेम्पोतून उडी मारली. त्या वयात! आणि हसत होती. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

"गेली जीप?"

"गेली. कुठं होतात तुम्ही?"

"सातपाटीला. भयनीच्या घरी. सगळ्यांना घेऊन गेलू. एकीला ठेवली नाय." तिनं माझा हात धरला. "मास्तर, तुला सांगते, माज्या बापाच्या गावात काय झालं. जीप आली तवा बा सगळ्यांच्या फुडं जाऊन उभा ऱ्हायला. आमची जागा हाय म्हणून सांगाला. जे जे उभे व्हते ना समोर, त्येंचेच आंगठे घेतले. म्हणाले, आलात त्याची खूण करा. मंग कोर्टात तेच आंगठे दाखवले. तुमीच दिली जागा, ह्ये बगा आंगठे. बा मरस्तवर तो आंगठा चोळत बसायचा. म्हणायचा, मी गेलोच नसतो तर!"

बाया भोवती जमल्या होत्या. सगळ्यांची तोंडं फुललेली.

"म्हणून या टायमाला एकीचाबी आंगठा त्येंना घावला नाय," इंदुबाई म्हणाली. "बांबू बी नाय ठेवला, म्हंजे ह्ये कोनाचं म्हणून नाव निघाला नको. कोनाकडून घेतील? वाऱ्याकडून? आनि ह्ये सगळं तू सांगितलंस म्हणून रं मास्तर. जीप येनार ह्ये आमाला कोन सांगनार व्हतं? आयुष्यात पयल्यांदा कोनाचा तरी इस्वास ठेवला मी."

दादू दर्यावरून आला होता, ओल्या अंगानं मागं उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तो हं म्हणाला नाही.

"इंदुबाई," मी म्हटलं, "त्यांना अंगठा नकोच होता."

"मंग?"

"त्यांना इथं कुणी नाही, एवढंच पाहिजे होतं. तसं लिहून नेलं त्यांनी."

तिचं हसू लगेच गेलं नाही. तोंडावर तसंच राहिलं, नुसते डोळे बदलले.

"पन तू व्हतास ना तितं? तू बोललास ना, आमी हाव म्हणून?"

"बोललो. ओरडून बोललो. ते म्हणाले, तुम्ही शाळेचे. गावचं कुणी आहे का?"

"मंग?"

"गावचं कुणी नव्हतं, इंदुबाई."

टेम्पोच्या मागच्या बाजूला नलू एकटीच राहिली होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. खांद्यावर दोन बांबू घेऊन ती हाका मारत होती, "आये, ऊन हाय तवर रोवून टाकू ना? आये, ह्ये बांबू कुटं नेयाचे?"